मॅग्नेशियमचे बारा आठवडे

हौज खास स्टेशनचा सरकता जिना संपता संपत नव्हता आणि स्वानंदी तावडेला घाई झाली होती. जानेवारीतली रविवारची सकाळ. बाहेर धुकं इतकं, की नोएडाहून येताना मेट्रोच्या खिडकीतून यमुना दिसलीसुद्धा नव्हती. दहा वाजता गुरुग्रामच्या मैदानावर खो-खोचा सरावसामना, आणि पावणेदहा तर इथेच वाजले होते. सरकत्या जिन्यावर स्वस्थ उभं राहण्याइतका धीर तिच्याकडे कधीच नव्हता. खांद्यावरची बॅग सावरत ती दोन-दोन पायऱ्या चढू लागली. वरच्या पायरीवरून फरशीवर पाय टेकला, आणि डाव्या पायात कुणीतरी दोरखंड पिळावा तसा पेटका आला.

"आई गं…" म्हणत ती तिथेच खाली बसली.

मागून येणारा एक तरुण थबकला. लोकांची वाट अडू नये म्हणून त्यानं तिची बॅग भिंतीकडे ओढली, तिला आधार देऊन कडेच्या बाकावर बसवलं आणि समोर गुडघ्यांवर बसला. 'आई गं' ऐकूनच बहुधा, तो सरळ मराठीत बोलला.

"पायाला हात लावू का?"

तिनं मान हलवली. त्यानं एका हातानं तिची टाच धरली, दुसऱ्यानं बुटासकट पंजा हळूहळू तिच्याकडे वाकवला.

"गुडघा सरळ ठेवा. आणि श्वास सोडा, तो धरून ठेवून काही उपयोग नाही."

"मेरी पिंडली… म्हणजे, माझी पिंडली…"

"पोटरी," तो शांतपणे म्हणाला.

डोळ्यांत पाणी असताना कुणीतरी आपलं मराठी सुधारतंय, याचा तिला इतका राग आला की दुखणं क्षणभर मागे पडलं. त्याच वेळी पेटका सुटायला लागला. दगडासारखी झालेली पोटरी सैल होत गेली. तिनं पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. करड्या रंगाचा मफलर, गार हवेतून आत आल्यामुळे धूसर झालेला चष्मा, आणि त्या काचांमागे हसू दाबणारे डोळे.

त्याचं नाव सुधन्वा. मूळ फलटणचा, शिक्षण फिजिओथेरपीचं, आणि गेली दोन वर्षं गुरुग्रामच्या एका संशोधन संस्थेत कामाला. हे सगळं तिला पुढच्या पाच मिनिटांत कळलं, कारण तिनं बॅगेतून मॅग्नेशियमच्या पावडरीचा डबा काढला आणि तो बघून त्याचे डोळे चमकले. तिच्या टीमची कॅप्टन पूनम भाटी, तिनं हा डबा ऑनलाइन मागवून दिला होता. पेटक्यांवर यासारखं दुसरं काही नाही, असं पूनमचं ठाम मत. आज सामना, म्हणून स्वानंदीनं काल एकाऐवजी दोन चमचे घेतले होते.

त्यानं डब्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि अत्यंत गंभीरपणे विचारलं, की सकाळपासून पोट कसं आहे.

ती कानापर्यंत लाल झाली. पोट कसं होतं ते तिचं तिला ठाऊक होतं, घरातून निघायला उशीर झाला तो त्याच्यापायीच. तिनं त्याला हिंदीत सुनावलं, की अनोळखी मुलीला असं काही विचारत नसतात. राग आला की ती हिंदीतच बोलायची, दिल्लीत वाढलेल्या मुलीची जुनी खोड ती. त्यानं माफी मागितली, पण जास्त मॅग्नेशियमनं नेमकं तेच होतं, हेही सांगून टाकलं.

"पण पेटके जातात ना यानं?" तिनं विचारलं.

"सगळे तसं म्हणतात. अंगात मॅग्नेशियम कमी असेल तर फरक पडत असावा. पण तुमच्यासारख्या धडधाकट खेळाडूचे पेटके जातात का… ते मला माहीत नाही. तेच शोधतोय."

दिल्लीत तिला ज्यानं-त्यानं सल्ला दिला होता. 'माहीत नाही' म्हणणारा हा पहिलाच.

सराव तिचा बुडालाच. पण गुरुग्रामपर्यंतच्या मेट्रोत शेजारी बसून तिनं त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. एकशेवीस खेळाडू हवे होते, एक्याण्णव मिळाले होते. निम्म्यांना मॅग्नेशियमच्या कॅप्सूल, निम्म्यांना हुबेहूब तशाच पण साध्या पुडीच्या, आणि कुणाला काय मिळालं ते खेळाडूलाही ठाऊक नाही आणि त्यालाही नाही. बारा आठवडे वहीत पेटक्यांची नोंद ठेवायची. उतरता उतरता तिनं त्याला सांगून टाकलं, की ब्याण्णवावी मी.

यात नुसता लहरीपणा नव्हता. स्वानंदी नोएडातल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका होती आणि नोएडाच्या महिला संघातून खेळायची. गेल्या वर्षी अंतिम सामन्यात, शेवटच्या मिनिटाला तिनं खांबाकडे सूर मारला आणि हवेतच पोटरी आखडली. समोरची खेळाडू वीतभर अंतरावरून निसटली. संघ एका गुणानं हरला. कुणी तिला बोललं नाही, पण त्यानंतर सूर मारताना तिच्या मनात आधी पेटका यायचा. पूनमचा गुडघा कुरकुरत होता, हा तिचा शेवटचा हंगाम. एप्रिलमध्ये पुन्हा स्पर्धा होती, आणि स्वानंदीला तो चषक पूनमच्या हातात बघायचा होता.

मूत्रपिंडं ठीक आहेत ना हे बघायला रक्ततपासणी झाली. डब्यातली पावडर दोन आठवडे बंद केली. मग हिरव्या झाकणाची बाटली मिळाली, रात्रीच्या जेवणानंतर दोन कॅप्सूल घ्यायच्या. सगळ्यांना पोटरी ताणायचे व्यायामही शिकवले होते. आणि दर शनिवारी संध्याकाळी साडेसहाला सुधन्वाचा फोन यायचा.

प्रश्न ठरलेले. आठवड्यात किती पेटके आले, किती वेळ टिकले, शून्य ते दहामध्ये दुखणं किती, कॅप्सूल चुकल्या का. आणि शेवटी, अगदी सरकारी आवाजात, पोट. पहिल्या शनिवारी स्वानंदीनं गच्चीवर जाऊन उत्तर दिलं. दुसऱ्या शनिवारी तिला हसू आवरेना. तिसऱ्या शनिवारी तिनंच त्याला विचारलं, की तुमचं पोट कसं आहे, तेही कुठे तरी नोंदवत असाल ना. पलीकडे तो असा मनमोकळा हसला, की तिला फोन कानापासून जरा लांब धरावा लागला आणि लगेच पुन्हा जवळ घ्यावासा वाटला.

प्रश्न संपले की एक शब्द. हे कसं सुरू झालं ते दोघांनाही आठवत नव्हतं. तिनं एखादी गोष्ट हिंदीत म्हणायची, त्यानं तिचं मराठी नाव सांगायचं. घुटना, टखना, एड़ी सगळं शरीर झालं. मग सेमल. शाळेच्या फाटकाशी सेमलला कळ्या धरल्यात, ती म्हणाली. त्याला काटेसावर म्हणतात, तो म्हणाला, आणि फलटणला त्यांच्या शाळेमागे एक होती ते सांगत बसला. त्या दिवशी फोन चाळीस मिनिटं चालला. तिची आई अलका दारातून दोनदा डोकावून गेली.

शनिवार दुपारपासून स्वानंदीचा पाय जमिनीवर ठरेनासा झाला. सव्वासहाला ती फोन चार्जिंगवरून काढायची, सहा पंचविसाला गच्चीवर, आणि साडेसहाला फोन वाजला की मुद्दाम तीन रिंग होऊ द्यायची. पेटके खरोखर कमी झाले होते. आठवड्याला पाच-सहा यायचे, ते दोनावर आले. कॅप्सूलनं, ताणण्यानं की थंडी ओसरल्यानं, देव जाणे.

फेब्रुवारी संपत आला होता. एका रविवारी तिचे बाबा दिनकरराव, केंद्रीय मंत्रालयातल्या फायलींना कंटाळून, मायलेकींना कोपर्निकस मार्गावर महाराष्ट्र सदनात जेवायला घेऊन गेले. कॅन्टीनमध्ये तर्रीचा खमंग वास दाटला होता. आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी, साबुदाणा वड्याच्या बशीवर वाकलेला तोच करडा मफलर.

त्यानं मान वर केली. दोघांची नजर भेटली… आणि दोघंही एकदमच कुठेतरी दुसरीकडे बघू लागले.

अलकाताईंना मात्र मराठी तरुण एकटा जेवताना बघवेना. त्यांनी कुठला म्हणून चौकशी केली, फलटण ऐकताच स्वतःचं माहेर लोणंद असल्याचं जाहीर केलं आणि त्याला बशीसकट आपल्या टेबलाशी आणलं. सुधन्वानं प्रामाणिकपणे सांगितलं, की स्वानंदी आमच्या अभ्यासात आहेत, तेवढी ओळख आहे. 'तेवढी' म्हणताना तो अडखळला आणि स्वानंदीनं मिसळीत लिंबू इतकं पिळलं की शेवटी ती खाववेना. त्यानं आपल्या बशीतला दुसरा वडा तिच्याकडे सरकवला. बाबांचं लक्ष नव्हतं, आईचं होतं.

"तुमच्या गोळ्या चांगल्या आहेत हो," अलकाताई म्हणाल्या. "आता हिचे पाय दुखत नाहीत. पहाटे कळवळून उठायची, आता शांत झोपते."

सुधन्वाचा चेहरा उजळला. लहान मुलासारखा, कानांपर्यंत. स्वानंदीला तो चेहरा आयुष्यभर बघत बसावंसं वाटलं. पण पुढच्याच क्षणी तो विझला. त्यानं चमचा खाली ठेवला, ट्रॅफिकचं काहीतरी कारण काढलं आणि चहा न घेताच गेला.

पुढच्या शनिवारी साडेसहाला फोन आला तो अक्षया नावाच्या मुलीचा. ती त्याची सहकारी. तेच प्रश्न, स्वच्छ आणि भराभर, तीन मिनिटांत आटोपले. यापुढे मीच फोन करणार, सुधन्वानंच तशी विनंती केलीय, एवढंच ती म्हणाली.

स्वानंदी गच्चीवर बसून राहिली. आपण काय केलं, हे तिला समजेना. आईनं लोणंद-फलटण करून त्याला घाबरवलं असेल? की शब्द, सेमल, सगळं त्याच्या लेखी कामाचाच भाग होता? तीन दिवस ती शाळेत मुलांवर खेकसली. पूनमनं विचारल्यावर तिनं सगळं सांगितलं. पूनम म्हणाली, "छोड़ दे ना यार ती स्टडी. बाहेर पडलीस तर तू त्याची पेशंट नाहीस, कुणी नाहीस. मग विचार जाऊन तोंडावर."

बुधवारी शाळा सुटताच स्वानंदीनं मेट्रो पकडली. संस्थेच्या काउंटरवर तिनं सांगितलं, की मला अभ्यासातून बाहेर पडायचंय. नियमाप्रमाणे त्याचा फॉर्म घेऊन जो बाहेर आला, तो सुधन्वाच. तो तिला आवारातल्या बाकाकडे घेऊन गेला. ऊन आता अंगाला जाणवू लागलं होतं, मफलर कधीच गेला होता.

"हा तुमचा हक्क आहे," तो म्हणाला. "कारणही सांगायची गरज नाही."

"कारण मला विचारायचंय. तुम्ही फोन का बंद केलात?"

तो फॉर्मच्या कडा जुळवत राहिला. त्या जुळलेल्याच होत्या.

"तुमच्या आई म्हणाल्या, आता पाय दुखत नाहीत. मला इतका आनंद झाला की… ज्यानं आकडे लिहायचे त्याला असा आनंद होऊन चालत नाही, स्वानंदी. त्याच दिवशी मी आमच्या प्रमुख सरांना सांगितलं, की हिचे आकडे मी घेणं बरोबर नाही."

ती बाकावर त्याच्याकडे वळली.

"आणि मी म्हटलं असतं, खूप पेटके आले… तर?"

"तर माझा रविवार गेला असता."

ती हसली. त्याला मात्र हसू आलं नाही. तो हळूहळू, शब्द निवडत सांगत राहिला. अजून पाच आठवडे आहेत. तोवर भेटायचं नाही, फोन नाही, मेसेज नाही, असं त्यानं सरांना कबूल केलं होतं. तिला बाहेर पडायचं असेल तर तो अडवणार नव्हता. दोन वर्षांच्या कामातून एक नोंद गेली तरी जग बुडत नाही, असंही म्हणाला.

"मग आत्ताच विचारून टाका ना, जे विचारायचंय ते," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा बारीक निघाला.

"आत्ता विचारलं तर तुम्ही कॅप्सूल माझ्यासाठी घ्याल. वहीतसुद्धा मला बरं वाटेल असंच लिहाल."

ते खरं होतं. मग तिनं फॉर्म हातात घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि त्याच्याकडे परत दिला.

"पेन नाही आणलं मी."

त्याच्या खिशाला दोन पेनं होती. त्यानं एकही काढलं नाही.

पाच आठवडे. शाळा, सराव, जेवणानंतर दोन कॅप्सूल, आणि शनिवारी अक्षयाचे तीन मिनिटांचे प्रश्न. असं असूनही स्वानंदी हवेत होती. काटेसावर फुलून फाटकासमोरचा रस्ता लाल झाला, परीक्षा आल्या, पंखे लागले. मधल्या एका आठवड्यात पेटके पुन्हा वाढले. तीन आले, त्यातला एक तर सात नंबरचा. वही उघडून ती कितीतरी वेळ बसली. दोन लिहिले असते तर कुणाला कळलं असतं? हा आकडा त्याच्या टेबलावर नाही तरी त्याच्या कामात जाणारच होता. तिनं तीन लिहिले, पुढे सात लिहिला, आणि वही मिटताना तिला त्याच्या फार जवळ असल्यासारखं वाटलं.

बारावा आठवडा संपला तो शनिवार आणि अंतिम सामना दुसऱ्याच दिवशी. शनिवारी ती नवा निळा कुर्ता घालून गुरुग्रामला गेली. अक्षयानं रक्त घेतलं, वही जमा केली, सही घेतली. स्वानंदीची नजर सारखी दाराकडे. शेवटी तिनं विचारलंच. सुधन्वा आज रजेवर आहे, अक्षया म्हणाली, आणि कागदांत डोकं घातलं. परतीच्या मेट्रोत स्वानंदीला पहिल्यांदाच भीती वाटली. पाच आठवड्यांत माणसाचं मन बदलूही शकतं.

रविवारी सकाळी आठलाच नोएडाचं मैदान तापलं होतं. समोर गुरुग्रामचाच संघ. चुन्याच्या रेषा, मातीचा वास, आईबाबा सावलीच्या बाजूला. स्वानंदीनं बूट बांधताना एकदा गॅलरीवरून नजर फिरवली. तो नव्हता. दुसऱ्या डावाला उभी राहताना पुन्हा फिरवली. आईच्या शेजारी, हातात पाण्याची बाटली घेऊन, तो उभा होता.

त्यानंतर ती धावली ती वेगळीच धावली.

शेवटची दोन मिनिटं, गुण बरोबरीत. तिनं एक सूर मारला, तो हुकला, आणि उठताना डाव्या पोटरीत तो ओळखीचा पीळ. ती मातीत बसली. पंचांनी खेळ थांबवला. पूनम गुडघा धरून तिच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर गेल्या वर्षीचा सगळा सामना होता. स्वानंदीनं कुणाकडे पाहिलं नाही. गुडघा सरळ केला, पंजा स्वतःकडे ओढला, श्वास सोडला. पुन्हा एकदा. दोरखंड सैल व्हायला लागला. ती उठली, पाय दोनदा आपटून पाहिला आणि पंचांना हात केला.

खेळ सुरू झाला. पूनमनं पाठीवर थाप मारून "खो" दिला. समोरची मुलगी खांबाकडे पळत होती. मनात पेटका यायला वेळच नव्हता. स्वानंदी झेपावली, खांब बगलेत आला आणि तिची बोटं त्या मुलीच्या खांद्याला लागली.

शिट्टी वाजली. नोएडाचा संघ एका गुणानं जिंकला.

चषक पूनमच्या हातात गेला, फोटो झाले, पूनम रडली आणि मग सगळ्याच रडल्या. त्या गर्दीतून स्वानंदी बाहेर पडली, कोपरापर्यंत मातीनं माखलेली, आणि सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. आईनं बाबांना पाण्याच्या नळाकडे नेलं, त्यांना तहान लागलेली नसताना.

"काल का नव्हतास?" ती म्हणाली. 'तुम्ही' कुठे गळून पडलं, तिला कळलंच नाही.

"मुद्दाम. तिथे असतो तर तुझी सही व्हायच्या आधीच बोललो असतो."

"आणि मघाशी? मी पडले तेव्हा धावत का नाही आलास?"

"पाय उचलला होता," तो म्हणाला. "पण तुझं तुला येत होतं. मग फक्त बघत राहिलो. इतकं अवघड काम मी दोन वर्षांत केलं नव्हतं."

ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. तो घाईघाईनं, नेहमीच्या काळजीच्या सुरात सांगू लागला, की तुझ्या बाटलीत मॅग्नेशियम होतं की साधी पूड ते जुलैत कळेल, सगळ्यांचे आकडे आल्यावर, आणि कदाचित दोन्हींत काहीच फरक निघणार नाही, तशी तयारी—

"सुधन्वा," तिनं त्याला थांबवलं. "जुलैचं जुलैत बघू. मला तू आवडतोस. जानेवारीपासून. हे कुठल्या वहीत लिहायचं असेल तर लिही, मी सही करते."

चष्मा काढून त्यानं शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला, जणू समोरची मुलगी नीट दिसायला हवी होती.

"मला वाटलं होतं, विचारायचं तर मी होतं," तो म्हणाला.

"मग विचार."

"दर शनिवारी… आणि बाकीचे सहा दिवसही. राहशील माझ्याबरोबर?"

तिनं मातीचा हात पुढे केला. त्यानं तो दोन्ही हातांत घेतला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. नळाकडून अलकाताईंनी हाक मारली, की जेवायला घरी चला दोघंही, आमरस केलाय. मग तसेच, हातात हात, मैदानाच्या चुन्याच्या रेषा ओलांडत ते त्यांच्याकडे चालत गेले.